हवं असणं म्हणजे मागणी नव्हे

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅडमना अजून 'पानीवाली बाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. ग्रुपवर म्हणतात, कारण मॅडमकडे बटणांचा फोन आहे आणि त्या ग्रुपवर नाहीत. मी आहे. तो शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. एकदा मी तिथे लिहिलं की या बाईंनी तुमच्या अर्ध्या पोरांना बारावी पास करून दिली आहे, जरा आदरानं बोला. त्यावर एकानं जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, दुसऱ्यानं सुप्रभातचं गुलाबाचं फूल. त्या फुलाचा राग अजून गेलेला नाही.

मॅडम अर्थशास्त्र शिकवायच्या. मी त्याच शाळेत इतिहास शिकवते. ग्वाल्हेरातल्या इंदरगंजच्या चौकातून आत वळलं की आमची शाळा. मी नोकरीला लागले तेव्हा त्या स्टाफरूममधल्या सर्वांत जुन्या होत्या आणि सर्वांत कमी आवडत्या. उंच, हाडकुळ्या, सुती साडी, पायात पुरुषी चपला, बाराही महिने हातात काळी छत्री. सुतार कानावर पेन्सिल अडकवतो तसा त्या खडू अडकवायच्या. वर्गातून आल्या की कानामागची जागा पांढरी झालेली असे. सांगायची सोय नव्हती; सांगितलं तर म्हणत, "मग? खडू पांढराच असतो."

त्यांना राग यायचा तो बहुतेक शब्दांचा. स्टाफरूममध्ये कोणी सहज म्हणालं की आज चहाची फार डिमांड आहे, की मॅडम वहीतून मान वर करायच्या.

"पैसे कोण देणार?"

कोणाचाच हात खिशाकडे जाईना.

"कोणीच नाही ना? मग ती डिमांड नाही. तलफ आहे. तलफ म्हणा."

दर वर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला त्या एकच गोष्ट करत. वर्गात शिरायच्या, फळ्याकडे न बघता विचारायच्या, "कार किस-किसको चाहिए?" सगळ्या वर्गाचे हात वर. "अब जिसकी जेब में कार के पैसे हैं, सिर्फ वो हाथ ऊपर रखे." हात खाली. एखादा आगाऊ मुलगा बापाच्या जिवावर हात वरच ठेवायचा. मग मॅडम त्या खाली गेलेल्या हातांकडे छत्रीचं टोक रोखून म्हणत, "तुम लोग बाज़ार को दिखाई नहीं देते. लिख लो." मुलं हसत हसत लिहून घेत. हवं असणं वेगळं, मागणी वेगळी. मागणीला तीन गोष्टी लागतात: इच्छा, ऐपत आणि खर्च करायची तयारी. उत्तरपत्रिकेत ऐपत लिहायची राहिली की मॅडम मार्क कापत, आणि मुलांच्या आया रडत आल्या तरी परत देत नसत.

उत्पादन हा धडा त्या पुस्तकातून शिकवत नसत. थंडीत वर्ग घेऊन लश्कर भागातल्या एका गजकवाल्याच्या कारखान्यात जायच्या. गुळाचा पाक खुंटीला अडकवून ओढणारी, भाजलेले तीळ घालून त्यावर लाकडी मोगऱ्या हाणणारी घामाघूम माणसं, गल्ल्यावर शाल पांघरून बसलेला मालक. एका वर्षी मी सोबत होते. मालकानं कौतुकानं सगळ्यांच्या हातावर गरम गजक ठेवली. मॅडमनी मुलांना विचारलं, भूमी कुठली, भांडवल कुठलं, श्रम कोणाचे, संयोजन कोणाचं. मुलांनी सगळं बरोबर दाखवलं. मग मॅडम मालकाकडे वळल्या. "आता यांना सांगा, या डब्याच्या किमतीतलं कुटणाऱ्याला किती मिळतं?"

मालक हसला. "अरे मैडम, घर की बात है."

"घर की है तो ये आपके घर में रहते होंगे?"

कुटणाऱ्यांच्या मोगऱ्या थांबल्या. मालकाची शाल खांद्यावरून घसरली. आम्ही सगळे गजक हातात घेऊन रस्त्यावर आलो, म्हणजे आणले गेलो. पुढच्या वर्षी तिथे मॅडमना दार बंद होतं. त्यांनी दुसरा कारखाना शोधला. तिथेही तेच विचारलं. ग्वाल्हेरात गजकवाले पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यांची नोकरी संपेपर्यंत ते पुरले.

माझं पहिलं लग्न त्यांनी मोडलं. म्हणजे ठरता ठरता मोडलं.

आमच्याकडे 'डिमांड' या शब्दाला एक वेगळाच वास आहे. मुलीच्या बापाला विचारा. इंदूरची माणसं मला बघायला आली होती. आईनं मॅडमना मुद्दाम बोलावलं, शाळेतली ज्येष्ठ बाई बसलेली बरी दिसते म्हणून. समोसे झाले, चहा आला, मुलाचे काका सोफ्यावर मागे रेलले आणि म्हणाले, "आमची काहीच डिमांड नाही हो."

बाबांनी हात जोडले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी कप खाली ठेवला.

"काहीच डिमांड नाही?"

"छे छे. देवाच्या कृपेनं सगळं आहे आमच्याजवळ."

"मग आलात कशाला?"

काकांना कळेना हसावं की काय करावं.

"मुलगी हवी असेल तर ती एक मागणी झाली," मॅडम म्हणाल्या. "तीही नसेल तर समोसे संपवून निघा."

"तसं नाही मॅडम, देण्याघेण्याची म्हणतोय मी."

"ते सांगावं का लागतं? मी रस्त्यानं जाते तेव्हा भेटेल त्याला सांगत नाही, मी तुमचा खिसा कापणार नाही म्हणून."

बाबा म्हणाले, मॅडम, राहू द्या. काकांनी मोठ्या मनानं हात हलवला. "अहो, मुलीला तुम्ही खुशीनं जे द्याल ते तिचंच राहणार. आम्ही तर बोलणार पण नाही."

"जे म्हणजे किती?"

"अं?"

"किंमत सांगा. किंमत न सांगता माल उचलतो त्याला ग्वाल्हेरात वेगळं नाव आहे."

ती माणसं गेली. काकांच्या कपातला चहा तसाच राहिला. आई स्वैपाकघराच्या दारात उभी होती. ती मॅडमना जे बोलली ते मी इथे लिहिते, कारण मॅडमनीही ते कोणापासून लपवलं नाही. आई म्हणाली, "स्वतःचं लग्न तुम्हाला करता नाही आलं, माझ्या मुलीचं मोडलंत." मॅडम म्हणाल्या, "हो." मग आपला गार चहा उभ्यानं पिऊन, छत्री उचलून गेल्या.

मलाही संताप आला होता. मुलगा मला आवडला होता. सावळा, लाजरा, बोलताना कान लाल होणारा. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी म्हणाले, "माझ्या लग्नात बोलणाऱ्या तुम्ही कोण? मला विचारलंत?"

मॅडमनी कानावरचा खडू काढून टेबलावर ठेवला.

"नाही विचारलं. विचारायला हवं होतं. मुलाचा नंबर आहे तुझ्याजवळ?"

"आहे."

"मग त्याला फोन कर. काकांना नाही, त्याला. तो येतो म्हणाला तर मी इंदूरला जाऊन काकांचे पाय धरते."

मी शाळेच्या मैदानात जाऊन फोन केला. तो म्हणाला, "बघा, काका जे म्हणतील ते. मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही." त्याचे कान त्या क्षणी लाल झाले असतील की नाही, देव जाणे. फोन ठेवल्यावर राग नक्की कोणावर करायचा ते मला कळलं. आईला मात्र पुष्कळ वर्षं कळलं नाही. पुढे माझं लग्न झालं तेव्हा तिनं मॅडमना पत्रिका दिली, पण सुपारी फुटून सगळं पक्कं झाल्यावर.

त्या लग्नानं मी मॅडमच्या गल्लीत राहायला आले. हरिशंकरपुरमच्या पुढे उतारावर आमची कॉलनी आहे. कॉलनीमागे नाला, नाल्यापलीकडे बस्ती. आमच्या घरांत भांडी घासणाऱ्या, पोळ्या करणाऱ्या सगळ्या बायका तिथल्या. चढावरच्या पाण्याच्या टाकीतून दोन नळ निघतात, एक कॉलनीला, एक बस्तीला. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या आणि व्हरांड्यात ट्यूशन घेत होत्या.

एका उन्हाळ्यात आधी पाणी एक दिवसाआड झालं, मग कधीतरी आलं, मग आलंच नाही. ग्रुपवर लोक लिहू लागले की धरण आटलं. कोणी धरण बघितलं होतं असं नाही. कॉलनी समितीच्या अध्यक्षांनी एक नंबर टाकला: टँकरसाठी इथे फोन करा. फोन केले. टँकर आले. भाव दर आठवड्याला चढत गेला, आणि लोक म्हणत राहिले, काय करणार, डिमांड-सप्लाय आहे. आमच्याकडे लोक तापाला व्हायरल म्हणतात ना, तसं. म्हटलं की विषय संपला.

बस्तीला भाव परवडण्याचा प्रश्न नव्हता. तिथे कधीतरी एक टँकर फुकट यायचा, आणि तो आला की माणसं त्याच्यावर तुटून पडायची. एका सकाळी रामश्री कामाला आली ती हात ओढणीत बांधून. ती मॅडमकडे आणि माझ्याकडे, दोन्हीकडे भांडी घासायची. त्या दिवशी माझ्याकडे न येता सरळ मॅडमच्या मोरीत जाऊन डाव्या हातानं कढई घासायला बसली. मॅडमनी ओढणी सोडली. मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. टँकरजवळच्या धक्काबुक्कीत कोणाचा तरी भरलेला ड्रम तिच्या हातावर आला होता.

"और तू बर्तन माँज रही है?"

"छुट्टी करते तो आप लोग दूसरी रख लेते," रामश्री म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रारसुद्धा नव्हती.

मॅडमनी मला हाक मारली. आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून तिला तिच्या घरी सोडलं. तिच्या दारात रिकाम्या बादल्या ओळीनं उभ्या होत्या. त्या बघून मॅडम रिक्षावाल्याला म्हणाल्या, "टंकी पे ले चलो."

"आता? उन्हात?" मी म्हणाले.

"पाणी कमी आहे असं सगळे म्हणतात. कोणी बघितलंय?"

टाकीखाली तीन टँकर उभे होते. जाड पाइपानं त्यांत धबाधबा पाणी पडत होतं. आणि वर, टाकीच्या कडेच्या नळीतून जादा पाणी खाली ओघळत होतं. इतके दिवस ओघळत असावं, कारण खांबावर हिरवंगार शेवाळ धरलं होतं. ग्वाल्हेरच्या भर मे महिन्यात शेवाळ!

एका टँकरला टेकून गॉगल लावलेला एक माणूस फोनवर बोलत होता. मॅडमना बघून त्यानं फोन बंद केला आणि वाकून पाया पडला. अभिजीत. मॅडमचा जुना विद्यार्थी, आमच्यातलाच मराठी मुलगा. मला नीट आठवत होता, कारण त्याचा पेपर मॅडमनी स्टाफरूममध्ये फिरवला होता. पैकीच्या पैकी.

"मॅडम! तुम्ही इथे, असल्या उन्हात, लू मध्ये? फोन केला असता, मी घरी आलो असतो."

"हे टँकर तुझे?"

"तुमच्या आशीर्वादानं."

"आणि पाणी?"

तो हसला. "टाकीचं."

"मग आमच्या नळाला का नाही?"

"सप्लाय शॉर्ट आहे ना मॅडम."

मॅडमनी छत्री मिटून तिचं टोक वर, त्या ओघळणाऱ्या नळीकडे केलं. "ते काय आहे? साठा आणि पुरवठा यांतला फरक सांग."

"आता मला लक्षात नाही, मॅडम." त्यानं गॉगल काढला, आणि अगदी निर्मळपणे, जसा फळ्याजवळ उभा राहून उत्तर द्यायचा तसा म्हणाला, "पण तुम्हीच तर शिकवलं होतं. डिमांड वाढली, सप्लाय घटली, की रेट वर जाणार. मी कुठे काही चुकीचं करून राहिलोय? तुमचाच चॅप्टर चालवतोय."

मी मॅडमकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी रोज बघितलं होतं. असा चेहरा बघितला नव्हता.

"मी 'घटली' शिकवलं," त्या म्हणाल्या. "'घटवली' नाही शिकवलं. व्हॉल्व्ह कोण बंद ठेवतं?"

"टाकीचा ठेकेदार. त्याला आम्ही देतो, तो कोणाकोणाला देतो. मी नाही भरलं तर दुसरा भरेल, मॅडम. मार्केट आहे."

चौकीदाराची लोखंडी खुर्ची भिंतीशी पडली होती. मॅडमनी ती खरडत आणली, भरलेल्या टँकरच्या समोर ठेवली, बसल्या, आणि छत्री उघडली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मॅडम हलल्या नाहीत. त्यानं इंजिन सुरू केलं. अभिजीत ओरडला, "अबे बंद कर, टीचर हैं मेरी!" मग मॅडमसमोर उकिडवा बसून विनवू लागला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी ग्रुपवर एक ओळ लिहिली आणि शेवाळाचा फोटो टाकला. बायका आल्या, बादल्या घेऊन, पदर डोक्यावर घेऊन. बस्तीतल्याही आल्या. माझ्या नवऱ्यानं घरातल्या प्लास्टिकच्या सगळ्या खुर्च्या स्कूटरवरून आणल्या. ऊन कलेपर्यंत टँकरांच्या तोंडाशी पन्नासेक बायका बसल्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच वेळी शिव्या देत होत्या. इंजिनिअर आला, ठेकेदार आला, बरेच फोन झाले. शेवटी चावी आली आणि व्हॉल्व्ह फिरला.

त्या संध्याकाळी आमच्या नळांना पाणी आलं. अध्यक्षांनी मॅडमच्या गळ्यात हार घातला. ग्रुपवर 'कॉलोनी की शान' लिहिलं गेलं. हे लिहिणारे आणि आज 'पानीवाली बाई' म्हणणारे तेच. मी नावं ओळखते.

दुसऱ्या दिवशी रामश्री आली. मॅडम तिच्यावर ओरडल्या की हात बरा होईपर्यंत यायचं नाही, पगार मिळेल. रामश्री म्हणाली, "काम को नहीं आए मैडम. एक बाल्टी भर लें?"

"क्यों? नल नहीं आया?"

"आपका आया. हमारा तो कल से बिल्कुल बंद कर दिया. पहले टैंकर तो आता था."

मॅडम अनवाणीच निघाल्या. मी मागे धावले. अध्यक्ष अंगणात पाइप लावून गाडी धूत होते. सांगायला त्यांना अजिबात संकोच वाटला नाही. दोन्ही नळ चालू ठेवले तर कॉलनीत वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढत नाही, म्हणून त्यांनी इंजिनिअरशी बोलून बस्तीचा व्हॉल्व्ह बंद करवला होता.

"आपकी डिमांड तो पूरी हो गई न, मैडम?"

"और रामश्री की?"

"देखिए, टैक्स हम भरते हैं. सबको देने जाएँगे तो किसी को नहीं मिलेगा. ये तो आप ही का सब्जेक्ट है." आणि त्यांनी पाइपचं तोंड बोटानं दाबून धार चाकांवर सोडली.

घरी येऊन मॅडमनी रामश्रीच्या बादल्या भरल्या, मी नेऊन पोचवल्या. परत आले तेव्हा त्या व्हरांड्यात ट्यूशनचं पुस्तक उघडून उभ्या होत्या. मला मोठ्यानं वाचून दाखवलं: इच्छा, ऐपत, खर्च करायची तयारी.

"जन्मभर यावर पोरांचे मार्क कापले मी. ऐपत लिहिली नाही, काप. आता सांग, रामश्रीचा घसा कोरडा आहे, तो या पानावर कुठे आहे?"

मी पुस्तकात डोकावले.

"कुठेच नाही. तिची मागणी नाहीच. हिशेबात शून्य. आणि त्या अभिजीतला मी पैकीच्या पैकी दिले!" त्यांचा आवाज चिरकला. "व्याख्या चुकीची असती तर फाडून टाकली असती. चुकीची नाही, याचा संताप आहे. बाजार बघतो तो अस्साच बघतो. पण ते मी पोरांना असं शिकवलं, जसं काही बघायची दुसरी रीतच नसते."

मला वाटलं त्या पुस्तक फेकतील. त्यांनी ते बंद केलं आणि चपला शोधू लागल्या.

इंदरगंजला एका ऑफिसात आठवड्यातून एकदा जनसुनवाई असते. साहेब समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात. मॅडम रामश्रीला आणि बस्तीतल्या दहाबारा बायकांना घेऊन गेल्या. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, मीही गेले. अध्यक्षही आले होते, या बाई कॉलनीच्या वतीनं बोलत नाहीत हे सांगायला. आमचा नंबर आला. साहेब तरुण होता, थकलेला होता. कागदावरून नजर न काढता त्यानं सगळ्यांना विचारतात तेच विचारलं.

"आपकी माँग क्या है?"

मॅडमनी रामश्रीला पुढे केलं. मग म्हणाल्या, "मेरी नहीं, इनकी. किताब में इनकी माँग को माँग नहीं मानते, क्योंकि इनके पास पैसे नहीं हैं. मैंने भी कभी नहीं माना. आप मान लीजिए."

साहेबानं मान वर केली. रामश्रीचं प्लास्टर बघितलं. मी त्याला फोनमधला शेवाळाचा फोटो दाखवला. अध्यक्ष टॅक्सबद्दल बोलू लागले, त्यांना त्यानं हातानं थांबवलं. त्यानं फार मोठं काही केलं नाही. जे करता येण्यासारखं होतं ते केलं: सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे, दोन्ही नळांना सारखा वेळ, आणि टाकीवर टँकर भरणं बंद. ठेकेदाराचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. बहुधा काही नाही.

बस्तीत पाणी आलं. आमचं निम्मं झालं. निम्मं म्हणजे काय? अंघोळीला पुरत होतं, स्वैपाकाला पुरत होतं, गाडी धुवायला पुरत नव्हतं. त्या गाड्यांपायी लोकांनी मॅडमशी बोलणं टाकलं. हार घालणाऱ्यांनी ट्यूशनमधून पोरं काढली. गणपतीत आमच्याकडे गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांना आरतीचा दिवस देतात. मॅडमना दिला नाही. विचारायला गेले तर अध्यक्षांच्या मिसेस, त्या आमच्यातल्याच, म्हणाल्या, "अगं, त्या बस्तीवाल्यांच्या ना, त्यांना तिकडेच चांगलं लागतं." मी प्रसादाचा मोदक त्यांच्या टेबलावर ठेवून परत आले. आमच्या घराचा आरतीचा दिवसही सोडून दिला. घरी थोडी कुरबुर झाली, नवरा म्हणाला ठीक आहे.

मॅडम या सगळ्यानं दुखावल्या असतील, पण दिसल्या त्या फक्त चिडलेल्या. व्हरांडा रिकामा पडला तशा त्या बस्तीत जाऊन शिकवू लागल्या. तिथली पोरं आधी त्यांना घाबरली, मग नकला करू लागली.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर व्हरांड्यात एक मुलगी आली. अकरावी कॉमर्स. मॅडमनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. अभिजीत.

मी तिथेच बसले होते. मॅडम काय करतील याची मला भीती वाटली. त्यांनी मुलीला चपला घालायला सांगितलं आणि चढावर टाकीपाशी नेलं. मला राहवलं नाही, मीही गेले. "यहाँ तेरे पापा खड़े थे," मॅडम म्हणाल्या. "यहाँ मैं बैठी थी." आणि काय घडलं ते सगळं सांगितलं, काहीही न वगळता. मुलगी खालच्या मानेनं ऐकत होती. ती ओठ चावत होती.

ती गेल्यावर मी मॅडमवर तुटून पडले. "हे काय केलंत? त्या पोरीचा काय दोष?"

"काही नाही. म्हणून तर तिला शिकवायचं. ज्याचा दोष आहे त्याला माझं शिकवून झालं."

"ती परत येणार नाही."

"नको येऊ दे."

ती दुसऱ्या दिवशी आली. डोळे सुजलेले होते, वही नवी होती. मॅडमनी तिला कालचंच लिहायला सांगितलं: साठा म्हणजे काय, पुरवठा म्हणजे काय. ती लिहू लागली. फाटकाबाहेर एक मोटरसायकल उभी होती, तिच्यावर अभिजीत. भर दुपार, सावली नाही. आत यायची त्याची हिंमत नव्हती आणि मुलीला एकटं सोडून जाववत नव्हतं. मॅडमना तो दिसत होता. त्या तिकडे बघत नव्हत्या. बराच वेळ गेला. मग त्या ताडकन उठल्या, आत गेल्या, आणि पितळी पेला भरून आणून त्यांनी मुलीच्या वहीवर जवळजवळ आदळला. थोडं पाणी सांडलं, अक्षरं फुटली.

"पापा को दे आ."

मुलगी पेला घेऊन फाटकाशी गेली. तिनं तो पुढे केला. अभिजीतनं हात पुढे केला, मागे घेतला. मग पेला घेतला आणि मोटरसायकलवरून उतरून, पाठमोरा उभा राहून प्यायला. मुलगी रिकामा पेला घेऊन आली.

मॅडमचा आवाज अजून रागानं कापत होता.

"पन्ना गीला हो गया है," त्या म्हणाल्या. "नया ले. फिर से लिख."